ऋतुशांतीचीं पत्रें आणि पुरुषांचा संकोच

तापीकांठच्या गांवांतून जुन्या भिक्षुकी घराण्यांचीं दप्तरें पाहण्याचा प्रसंग आम्हांस अनेक वेळां आला आहे. नंदुरबार जिल्ह्यांतील अशाच एका घरीं रुमाल सोडून पोथ्यांची यादी करीत असतां घरधन्यांनीं एक लहानसें पुडकें बाजूस सारिलें व "तीं बायकांचीं पत्रें आहेत, त्यांत आपल्या उपयोगाचें कांहीं नाहीं," असें खालीं पाहून सांगितलें. बऱ्याच विनवणीनें तें पुडकें आमच्या हातीं आलें. पाहतों तों सारा मजकूर संस्कृत. लिहिणारा पुरुष, वाचणारा उपाध्या पुरुष, आणि विषय प्रथमरजोदर्शनाची शांति. ज्या बायकांचीं म्हणून तीं पत्रें आम्हांस नाकारण्यांत येत होतीं, त्यांच्यापैकीं एकीलाही तीं वाचतां आलीं नसतीं.

अशीं पत्रें दुर्मिळ नाहींत. कमलाकरभट्टाचा निर्णयसिंधु (इ. स. १६१२) व पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु (इ. स. १७९०) या दोन्ही ग्रंथांत हा विषय सविस्तर आला आहे, व भिक्षुकांनीं आपल्या सोयीसाठीं त्यांतील भाग उतरून घेतले. मुलीस प्रथम ऋतु कोणत्या मासीं, कोणत्या तिथीस, कोणत्या वारीं व नक्षत्रीं प्राप्त झाला, त्या वेळीं अंगावर वस्त्र कोणतें होतें, या सर्वांचें शुभाशुभ फल त्यांत सांगितलेलें असतें. योग दुष्ट निघाल्यास भुवनेश्वरीची शांति करावयाची. म्हणजे हा प्रश्न घेऊन घरांतील कर्त्या पुरुषानें उपाध्याकडे जावयाचें, उपाध्यानें दिवस, वेळ व वस्त्र विचारावयाचें, आणि उत्तर द्यावयाचें तेंही त्या पुरुषानेंच. संग्राहकांच्या याद्यांत मात्र हीं पत्रें बहुधा 'संकीर्ण' या सदरांत पडतात. आम्हींही पूर्वीं तसेंच केलें आहे.

नंदुरबारहून उत्तरेस गेल्यावर तापीच्या कांठीं प्रकाशें हें क्षेत्र लागतें. गोमाई तेथें तापीस मिळते, आणि त्या प्रांतीं तें दक्षिणकाशी म्हणून ओळखिलें जातें. पुराणवस्तूंच्या अभ्यासकांस तें १९५५ मधील उत्खननामुळें ठाऊक आहे. परंतु प्रस्तुत विषयास तेथील भाद्रपद शुद्ध पंचमीचा स्नानाचा मेळा अधिक उपयोगी. त्या दिवशीं आसपासच्या गांवांतून स्त्रिया मोठ्या संख्येनें नदीवर येतात. त्यांना घेऊन येणाऱ्या पुरुषांस व्रताचें कारण विचारावें तर 'ऋषींचें व्रत' एवढेंच उत्तर मिळतें. रजस्वला असतां कळत नकळत घडलेल्या स्पर्शदोषाचें हें प्रायश्चित्त आहे, हें तिथें जमलेल्या प्रत्येकास माहीत असतें, आणि कोणी तें बोलत नाहीं.

या व्रताच्या कहाणीकडे आमच्या मतें पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. ब्राह्मणाच्या बायकोनें विटाळ तसाच घरांत कालविला, म्हणून पुढच्या जन्मीं ती कुत्री झाली. आणि तिच्या संसर्गानें तिचा नवरा बैल झाला. दोघेंही आपल्याच मुलाच्या घरीं राहिलीं. रात्रीं गोठ्यांत त्यांनीं आपल्या दुःखाचें कारण एकमेकांस सांगितलें, तें मुलानें ऐकिलें, आणि तो उपाय विचारावयास ऋषींकडे गेला. मनुष्यजन्मीं नवराबायकोंमध्यें या गोष्टीविषयीं एक अक्षर निघाल्याचें कहाणी सांगत नाहीं. बोलणें झालें तें दोघें मुकीं जनावरें झाल्यावर! ज्या कोणी ही कहाणी प्रथम रचिली, त्याला किंवा तिला घरांतील रीत चांगली ठाऊक होती.

आतां कोणी म्हणेल कीं, हा संकोच शब्दाचाच आहे. अशी गोष्ट तोंडानें उच्चारणें पुरुषास जड जातें. परंतु ग्रंथांचा पुरावा याच्या उलट आहे. विश्वरूपाच्या वधानें इंद्रास लागलेल्या हत्येचा तिसरा अंश स्त्रियांनीं घेतला व तो रजोरूपानें प्रकटतो, ही कथा तैत्तिरीय संहितेंत आहे, आणि पिढ्यान् पिढ्या मुलांनीं ती मोठ्यानें घोकली. दासबोधाच्या तिसऱ्या दशकांतील पहिल्या समासांत समर्थांनीं जन्मदुःखाचें निरूपण करितांना देहाची उत्पत्ति रजस्वलेच्या विटाळांतून सांगितली आहे, तीही कांहीं आडपडदा न ठेवितां. त्याच दासबोधाची डोमगांवची प्रत धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनीं छापून प्रसिद्ध केली, आणि खानदेशांत ती घरोघर वाचली गेली. उलट बाजूनें, महानुभावांच्या परंपरेंत चक्रधरांनीं रजस्रावास नाक, कान, डोळे यांच्या मळाच्या पंक्तीस बसविलें, आणि त्याचा विटाळ मानूं नये असें सांगितलें. पुढें त्या पंथाच्या पोथ्या सांकेतिक लिपींत राहिल्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे यांनीं ती लिपी उलगडीपर्यंत बाहेरच्या विद्वानांस त्या बंदच होत्या. सोयराबाईनें तर विटाळावांचून देह कोणाचा, असा प्रश्न थेट पंढरीच्या देवासच केला.

तेव्हां शब्द होते आणि ते पुरुषांच्या तोंडीं होते. नव्हतें तें स्त्रीशीं बोलणें. घरगुती शब्द पाहावे म्हणजे हें ध्यानांत येईल. 'बाहेर बसली', 'दूर झाली', 'शिवायची नाहीं', आणि पोरांनीं विचारलें तर 'कावळा शिवला'. यांतील एकही शब्द देहाविषयीं कांहीं सांगत नाहीं. ती बाई घरांत कोठें बसली आहे व तिला कोणीं हात लावूं नये, एवढेंच सांगतो. रज, आर्तव, ऋतु हे शब्द शास्त्री व वैद्य यांच्याकडे राहिले, जागेचे शब्द माजघरांत राहिले, आणि दोहोंची गांठ क्वचितच पडली.

हें मौन अनादि आहे, ही समजूतही आम्हांस तपासून पाहण्यासारखी वाटते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांतील पुणें जिल्ह्याच्या खंडांत (१८८५) निरनिराळ्या जातींच्या चालीरीति दिल्या आहेत, त्यांत विवाहित मुलीस न्हाण आल्यावर होणाऱ्या समारंभाचीं वर्णनें आहेत. मुलीस मखरांत बसवावें, साखर वांटावी, वाजंत्री लावावी, सुवासिनींनीं ओटी भरावी. ज्या गोष्टीसाठीं दारांत सनई वाजते ती गुप्त कशी म्हणावी? आळींतील झाडून सर्व पुरुषांस ती कळत होती. त्या मुलीस त्या वाजंत्रीचें काय वाटत असेल, ही गोष्ट निराळी.

याचें कारण उघड आहे. लग्न आधीं झालेलें, न्हाण मागून आलें. तें सासरच्या भाग्याचें चिन्ह ठरलें. तेंच लग्नापूर्वीं बापाच्या घरीं आलें तर काय? याज्ञवल्क्यस्मृतीप्रमाणें कन्या न देणाऱ्या पित्यास तिच्या प्रत्येक ऋतूगणिक भ्रूणहत्येचें पातक लागतें. मनूनें, अपात्रास देण्यापेक्षां ऋतुमती कन्या मरेपर्यंत घरीं राहिलेली बरी, असेंही म्हटलें आहे. पण तें वचन लोकांनीं सोयीस्करपणें मागें ठेविलें.

१८९१ सालचा संमतिवयाचा वाद याच गांठीवर झाला. कलकत्त्यास फूलमणी नांवाची अकराच्या आसपास वयाची मुलगी नवऱ्याच्या संगानें मेली. तो खटला १८९० मध्यें चालला. पुढें सरकारनें संमतीचें वय दहावरून बारा करण्याचें बिल आणिलें. प्रथम ऋतूनंतर गर्भाधान झालेंच पाहिजे, आणि ऋतु बाराच्या आंतही येतो, म्हणून हा कायदा धर्मांत हात घालतो, असा विरोधकांचा पक्ष होता. टिळकांनीं केसरींतून तो जोरानें मांडिला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं उलट पक्षीं गृह्यसूत्रांचा आधार घेऊन, विवाहानंतर चौथ्या रात्रींच्या विधीवरून प्राचीन काळीं वधू प्रौढ असे, हें दाखविलें. कित्येक महिने पुण्यामुंबईचीं पत्रें व सभा ऋतु, रजोदर्शन, गर्भाधान या शब्दांनीं भरून गेल्या. १९ मार्च १८९१ रोजीं कायदा मंजूर झाला. मुलींच्या जिवाचा प्रश्न होता, आणि त्यासाठीं पुरुषांस बोलतां आलें, तें मुख्यतः स्मृतिवचनांचा अर्थ लावण्यापुरतें.

१९२९ सालचा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलांत आला व मुलीच्या लग्नाचें वय चौदा ठरलें. शिक्षणामुळें वरच्या वर्गांत तें त्याआधींच वाढूं लागलें होतें. आतां न्हाण बहुधा माहेरींच येऊं लागलें. मखर गेलें, वाजंत्री गेली, साखर गेली. बापानें कळूनही न कळल्यासारखें करावें, भावानें विचारूं नये, आईनें कानांत सांगावें. पुरुषांचा आजचा संकोच, निदान पांढरपेशा घरांपुरता, फार जुना नसून बराचसा या घडामोडींतून घट्ट झाला असावा, असें आमचें अनुमान आहे. विटाळ जुना, पण बापाचें मौन त्या मानानें नवें. त्याच सुमारास र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकांतून (१९२७ ते १९५३) शरीरविषयक प्रश्नांस साध्या मराठींत उत्तरें देत होते. त्यांवर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यांत डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. संस्कृतांत शांति ठरतें तें मराठींत गुन्हा ठरतें, असा तो काळ.

येथपर्यंतचा पुरावा थोड्या घरांचा आहे, हें नंदुरबारकडे पाहतां विसरतां येत नाहीं. १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यांत २०११ च्या शिरगणतीप्रमाणें शेंकडा ६९ लोक अनुसूचित जमातींचे आहेत. सातपुड्यांतील अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांतील भिल्ल व पावरा यांच्यांत वरपक्षानें देज द्यावयाची रीत. तेथें गर्भाधानाच्या पत्रांचें काम पडलें नाहीं, आणि १८९१ च्या वादांत त्यांचें नांवही नाहीं. आज त्यांच्या मुली आश्रमशाळांत व जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकतात. ८ मार्च २०१८ रोजीं महाराष्ट्र सरकारनें अस्मिता योजना काढिली. तींत जिल्हा परिषद शाळांतील ११ ते १९ वर्षांच्या मुलींसाठीं आठ पॅडच्या पाकिटाची किंमत ५ रुपये ठेविली होती. पॅडवरील शेंकडा १२ जीएसटी जुलै २०१७ मध्यें बसला व जुलै २०१८ मध्यें उठला. मधल्या वर्षांत कराच्या निमित्तानें पुरुषांनीं या विषयावर भरपूर भाषणें केलीं. पण वर्गांत एकाएकीं कपड्यावर डाग पडलेल्या मुलीस समोरच्या मास्तरांस काय सांगावें, व मास्तरांनीं तें कसें ऐकावें, हें कोणत्याही भाषणांत आलें नाहीं. ती पोट दुखतें म्हणून घरीं जाते.

आरंभीं सांगितलेल्या घरीं आम्ही पुडकें पाहत होतों तेव्हां माजघराच्या दारांत घरांतील वृद्ध बाई उभ्या होत्या. त्यांना बोलण्यासारखें कांहीं असावें, असें त्यांच्या उभे राहण्यावरून वाटलें. आम्ही पत्रांचीं मापें घेतलीं, ओळी मोजल्या, लेखनकाल विचारला, आणि त्यांना एकही प्रश्न न करितां उठलों. परत येतांना वाटेंत तें ध्यानांत आलें.

ज्यांच्या संग्रहीं ऋतुशांतीचीं वा रजोदर्शनफलाचीं पत्रें, किंवा मखर व फलशोभन यांचा खर्च नोंदलेल्या कीर्दी असतील, त्यांनीं त्या 'संकीर्णां'तून काढून त्यांची नक्कल मंडळाकडे पाठवावी. तसेंच अहिराणी, भिल्ली, पावरी व मावची बोलींत स्त्रिया आपसांत या गोष्टीस कोणते शब्द योजितात, ते वडीलधाऱ्या स्त्रियांस विचारून, सांगणारीचें गांव व अंदाजें वय देऊन, जसे उच्चारले तसेच लिहून कळवावे. नांव देण्याचें कारण नाहीं.