क्रीम : तीन वादक, सव्वादोन वर्षे आणि रसिकांची दीर्घ आठवण

१/२०
२६ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये 'क्रीम' या ब्रिटिश रॉक त्रयीने निरोपाच्या दोन मैफली केल्या. त्या दिवशी या वाद्यवृंदाचे वय होते जेमतेम सव्वादोन वर्षे. मे २००५ मध्ये तेच तिघे त्याच रंगमंचावर परतले, तेव्हा चार रात्रींची तिकिटे हातोहात संपली. मधल्या ३६ वर्षांत रसिकांनी या त्रयीचे नेमके काय जपले आणि काय नजरेआड केले, याचा हा आढावा. 🧵

२/२०
त्रयीतले तिघे असे : गिटारवर एरिक क्लॅप्टन, बास गिटार व मुख्य गायनाला जॅक ब्रूस, ड्रम्सवर जिंजर बेकर. जुलै १९६६ मध्ये त्यांची वये अनुक्रमे २१, २३ आणि २६ होती. एवढ्या लहान वयात तिघांचाही लंडनच्या संगीतवर्तुळात दबदबा होता. 'क्रीम' म्हणजे साय. आपण तिघे येथील वादकांमधली साय आहोत, असा उघड दावा या नावातच होता आणि तत्कालीन वृत्तपत्रांनी तो फारशी खळखळ न करता मान्य केला.

३/२०
तिघांची घडण मात्र एका घराण्यातली नव्हती. ग्लासगोच्या परिसरात वाढलेल्या ब्रूस यांनी स्कॉटलंडच्या संगीत अकादमीत चेलो या वाद्याचे शिक्षण घेतले होते. बेकर हे पिंडाने जॅझचे वादक. क्लॅप्टन यांनी ब्लूजच्या तबकड्या ऐकून ऐकून हात तयार केला होता. १९६५ मध्ये 'यार्डबर्ड्स' हा वाद्यवृंद सोपी, खपाऊ गाणी करू लागला म्हणून त्यांनी तो सोडला आणि जॉन मेऑल यांच्या ब्लूज वाद्यवृंदात प्रवेश केला.

४/२०
ब्रूस आणि बेकर यांची ओळख जुनी होती. अलेक्सिस कॉर्नर आणि नंतर ग्रॅहम बाँड यांच्या वाद्यवृंदांत दोघे एकत्र वाजवत. बाँड यांच्या याच चमूत काही काळ गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन होते. पुढे १९७० च्या दशकात मुंबईच्या झाकिर हुसेन यांच्यासह 'शक्ती' हा वाद्यवृंद उभारणारे मॅक्लॉफलिन ते हेच. साठच्या दशकातील लंडनच्या क्लबांमधून निघालेल्या वाटा किती दूरवर पोहोचल्या, हे यावरून ध्यानात येते.

५/२०
बाँड यांच्या चमूत ब्रूस आणि बेकर यांचे वैर विकोपाला गेले. रंगमंचावर हातघाईचे प्रसंग घडले आणि अखेर बेकर यांनी ब्रूस यांना वाद्यवृंदातून काढून टाकले. त्यामुळे बेकर नव्या त्रयीचा प्रस्ताव घेऊन आले आणि क्लॅप्टन यांनी 'बास ब्रूसच वाजवतील' अशी अट घातली, तेव्हा बेकर यांच्यासमोर पेच उभा राहिला. त्यांनी ब्रूस यांच्याकडे जाऊन तडजोड केली. 'क्रीम'चा जन्म असा एका तात्पुरत्या तहातून झाला.

६/२०
तिघांचाच वाद्यवृंद असण्यालाही महत्त्व आहे. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश वाद्यवृंदांत चार किंवा पाच जण असत. एक गिटार धून वाजवी, दुसरी तिला आधार देई आणि बासने खाली पाया धरून ठेवायचा असा रिवाज होता. येथे दुसरी गिटार नव्हती आणि पियानोही नव्हता. क्लॅप्टन एकल वादनात रमले की मागे स्वरांची मोठी पोकळी उरे. ती भरण्यासाठी ब्रूस यांनी बासलाच स्वतंत्र धून वाजवायला लावली.

७/२०
बेकर यांचे ड्रम्सवादनही निव्वळ ठेका धरण्यापुरते नव्हते. फिल सीमन या ब्रिटिश जॅझ ड्रमवादकाने त्यांना आफ्रिकी तालवादनाची गोडी लावली होती. दोन्ही पायांखाली एकेक मोठा ड्रम ठेवून ते चार हातापायांनी वेगवेगळ्या लयी खेळवीत. पहिल्या संचातील 'टोड' ही त्यांची रचना म्हणजे प्रामुख्याने एकल ड्रम्सवादन आहे. रॉक मैफलीत ड्रमवादकाला असा स्वतंत्र अवकाश देण्याची प्रथा रूढ होण्यात या रचनेचा मोठा वाटा आहे.

८/२०
पहिली अधिकृत मैफल ३१ जुलै १९६६ रोजी विंडसर येथील जॅझ व ब्लूज महोत्सवात झाली. पहिला संच 'फ्रेश क्रीम' त्याच वर्षी डिसेंबरात आला. त्या सुरुवातीच्या महिन्यांत तिघांकडे गाणी थोडी होती आणि वेळ भरपूर भरून काढायचा असे. एकेक गाणे लांबवत नेण्याची सवय काही अंशी या व्यावहारिक अडचणीतूनही लागली.

९/२०
या सवयीला खरी मोकळीक मिळाली ती अमेरिकेत. १९६७ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या 'फिलमोर' सभागृहात बिल ग्रॅहम यांनी त्यांना पाचारण केले. तेथील तरुण श्रोतृवर्ग कान देऊन ऐकणारा होता आणि गाणे तीन मिनिटांत संपावे अशी त्याची अपेक्षा नव्हती. चार मिनिटांची रचना तेथे पंधरा-वीस मिनिटांपर्यंत फुलू लागली.

१०/२०
जुगलबंदी ऐकलेल्या मराठी श्रोत्याला हा प्रकार परका वाटणार नाही, पण एक फरक आहे. आपल्याकडे एक जण विस्तार करतो तेव्हा दुसरा बहुधा साथीला राहतो आणि समेवर सारे एकत्र येतात. 'क्रीम'मध्ये तिघेही एकाच वेळी विस्तार करीत. आपला वाद्यवृंद म्हणजे खरे तर एक मुक्त जॅझ चमूच होता, फक्त ते क्लॅप्टन यांना सांगितले नव्हते, अशा आशयाची थट्टा ब्रूस पुढे करीत असत.

११/२०
ध्वनिमुद्रण कक्षातील 'क्रीम' मात्र वेगळी होती. मे १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या अटलांटिक स्टुडिओत निर्माते फेलिक्स पापालार्डी आणि ध्वनिमुद्रक टॉम डाउड यांच्या साहाय्याने काही दिवसांतच दुसरा संच मुद्रित झाला. संचाचे नाव 'डिझरायली गिअर्स'. सायकलच्या 'डेरेलर' गिअरचा उच्चार एका साहाय्यकाने चुकवला आणि त्यातून ब्रिटनचे माजी पंतप्रधान डिझरायली यांचे नाव अवतरले. या संचातील गाणी आटोपशीर आणि घट्ट बांधणीची आहेत.

१२/२०
याच संचात 'सनशाइन ऑफ युअर लव्ह' हे त्यांचे सर्वाधिक गाजलेले गाणे आहे. जानेवारी १९६७ मध्ये लंडनमध्ये जिमी हेन्ड्रिक्स यांची मैफल ऐकल्यावर ब्रूस यांना त्याची मुख्य धून सुचली. बेकर यांनी या गाण्यात ठेक्याचा रोख उलटा फिरवला असून, त्यामुळेच गाण्याला तो विलक्षण जडपणा आला आहे. हा ठेका आपण सुचवला, असे डाउड सांगत. बेकर यांनी ते ठामपणे नाकारले. दोन्ही साक्षी आज उपलब्ध आहेत आणि त्यांचा मेळ बसत नाही.

१३/२०
मेळ न बसणाऱ्या या साक्षींमागे पैशांचा प्रश्न आहे. गाण्याचे श्रेय ब्रूस, क्लॅप्टन आणि कवी पीट ब्राउन यांच्या नावे आहे. त्यात बेकर नाहीत. 'व्हाइट रूम' या दुसऱ्या गाजलेल्या गाण्याचे श्रेय ब्रूस आणि ब्राउन यांचे. त्याच्या आरंभी पाच मात्रांचे आवर्तन येते आणि चाराच्या ठेक्याला सरावलेला कान चमकतो. ती कल्पना आपली होती, असे बेकर यांचे म्हणणे होते. गाण्यांच्या रॉयल्टीत आपल्यावर अन्याय झाल्याची तक्रार त्यांनी अखेरपर्यंत केली.

१४/२०
व्यवहाराचा संकेत असा होता, की रचना म्हणजे शब्द आणि धून. ते ज्याचे, त्याला रचनाकाराची रॉयल्टी. ठेका, बासची चाल, आयत्या वेळी सुचलेला विस्तार हे सारे 'वादन' समजले जाई. रसिकांच्या मनात 'क्रीम'चे श्रेय तीन समान वाट्यांत विभागलेले आहे, हिशेबाच्या वहीत ते तसे कधीच नव्हते. ज्या वादनकौशल्यासाठी ही त्रयी आठवली जाते, त्याला कागदावर किंमत नव्हती, ही या इतिहासातील मोठी विसंगती आहे.

१५/२०
हाच प्रश्न आणखी मागे नेला, तर तो अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय कलावंतांपाशी पोहोचतो. 'क्रॉसरोड्स' हे मुळात रॉबर्ट जॉन्सन यांनी १९३६ मध्ये टेक्सासमध्ये मुद्रित केलेले गाणे. जॉन्सन १९३८ मध्ये वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी वारले. 'स्पूनफुल' विली डिक्सन यांचे, तर 'आय ॲम सो ग्लॅड' स्किप जेम्स यांनी १९३१ मध्ये मुद्रित केलेले. जेम्स मात्र हयात होते. कर्करोगाने आजारी असताना या गाण्याच्या रॉयल्टीचा त्यांना आधार झाला. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले.

१६/२०
मग हे सारे इतक्या लवकर का संपले? अखंड दौऱ्यांचा शीण आणि जुने वैर ही कारणे होतीच, पण त्यांत आवाजाची भर पडली. मार्शल कंपनीच्या ध्वनिवर्धकांच्या उंच भिंती रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि प्रत्येक जण दुसऱ्यावर मात करण्यासाठी आवाज वाढवू लागला. एका मैफलीत आपण वाजवणे थांबवले तरी बाकी दोघांच्या ते लक्षात आले नाही, अशी आठवण क्लॅप्टन यांनी सांगितली आहे. परस्परांचे ऐकणे हा ज्या कलेचा प्राण, तेथे ऐकणेच थांबले होते.

१७/२०
१९६८ मध्येच 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाचे समीक्षक जॉन लँडाऊ यांनी क्लॅप्टन यांच्या वादनातील ठरीव जागांवर बोट ठेवले. ती टीका क्लॅप्टन यांच्या जिव्हारी लागली. त्याच सुमारास 'द बँड' या वाद्यवृंदाचा 'म्युझिक फ्रॉम बिग पिंक' हा संयत, गाण्याला प्राधान्य देणारा संच त्यांच्या कानी पडला. लांबलचक एकल वादनाचा त्यांना उबग येऊ लागला. गंमत अशी, की रसिकांनी पुढे जतन केले ते नेमके हेच वादन.

१८/२०
हे जतन होण्याचे साधन म्हणजे ऑगस्ट १९६८ चा 'व्हील्स ऑफ फायर' हा दोन तबकड्यांचा संच. त्यातील एक तबकडी मैफलींची असून वेष्टनावर 'फिलमोर' सभागृहाचे नाव आहे. प्रत्यक्षात त्यावरील चार रचनांपैकी केवळ 'टोड' तेथे मुद्रित झाली. 'क्रॉसरोड्स'सह उरलेल्या तीन रचना त्याच शहरातील 'विंटरलँड' सभागृहातल्या आहेत. शिवाय अनेक रात्रींमधून निवडलेले हे उत्तम क्षण आहेत. फसलेल्या रात्री तबकडीवर आल्या नाहीत, म्हणून स्मृतीतही आल्या नाहीत.

१९/२०
२००५ मध्ये तिघे परतले तेव्हा बेकर यांना संधिवाताने ग्रासले होते आणि ब्रूस यांच्यावर यकृतप्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया होऊन दोनच वर्षे झाली होती. लंडनमध्ये आवाज पुष्कळ आटोक्यात होता आणि तिघे एकमेकांना जागा देत वाजवत होते. ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तीन मैफली झाल्या, तोवर जुनी तेढ पुन्हा वर आली होती. त्यानंतर ही त्रयी कधीच एकत्र आली नाही. ब्रूस २०१४ मध्ये, तर बेकर २०१९ मध्ये निवर्तले.

२०/२०
'तसे वाजवणारे आता उरले नाहीत' हे रसिकांचे हळहळणे खोटे नाही. 'क्रॉसरोड्स'ची ती चार मिनिटे आजही थक्क करतात. मात्र त्या चार मिनिटांत १९३६ चे जॉन्सन आहेत, श्रेयासाठी झगडलेले बेकर आहेत आणि वैर बाजूला ठेवून त्या रात्री खरोखर एकमेकांचे ऐकणारे तिघे आहेत. तबकडी पुन्हा लावताना गिटारसोबत बास आणि ड्रम्सकडेही कान द्यावा. गाण्याच्या मालकीत वादकाचा वाटा किती, हा बेकर यांनी मांडलेला प्रश्न तेथे स्पष्ट ऐकू येतो आणि तो अद्याप सुटलेला नाही.