रेणवीय मोटर

एटीपी या रेणूतील रासायनिक ऊर्जा खर्चून ठरावीक दिशेने सरकणारे प्रथिन. कायनेसिन आणि डायनीन पेशीतील सूक्ष्मनलिकांवरून माल वाहतात, तर मायोसिन ॲक्टिनच्या तंतूंवर काम करून स्नायू आकुंचित करते. कायनेसिनचा शोध १९८५ मध्ये माखली (स्क्विड) या सागरी प्राण्याच्या चेतातंतूतून लागला.

कार्य : पेशीतील पाण्याचे रेणू या प्रथिनाला चहूबाजूंनी सतत धक्के देत असतात. विठ्ठलवाडी रेल्वे स्थानकाच्या पुलावर सकाळच्या गर्दीत माणूस न चालताही रेटला जातो, तसेच हे. त्याची मागची वाट तेवढी बंद केली, की तो पुढेच जाणार. एटीपीचे मुख्य काम हेच, मागची वाट बंद करण्याचे. कायनेसिनला दोन पाय असतात. पुढच्या पायाला एटीपी चिकटला, की त्याच्या मानेची पट्टी पुढे वळून घट्ट बसते आणि मागचा पाय पुढे फेकला जातो. तो धक्के खात पुढची जागा शोधतो, तिथे रुतला की आपल्याजवळचा एडीपी, म्हणजे एटीपीच्या विघटनानंतर उरलेला रेणू, सोडतो. दरम्यान आता मागे राहिलेल्या पायातील एटीपीचे विघटन होऊन फॉस्फेट सुटते व त्याची पकड ढिली होते. दोन्ही पाय एकाच वेळी सुटत नाहीत, हे यातले खरे कौशल्य. सूक्ष्मनलिकेची दोन टोके वेगळी असल्याने दिशाही आपोआप ठरते.

एका एटीपीमागे माल ८ नॅनोमीटर सरकतो. कायनेसिन सुमारे ६ पिकोन्यूटन विरोधापर्यंत तग धरते, म्हणजे मिळालेल्या ऊर्जेपैकी जवळपास निम्मी कामी येते. पेट्रोलच्या इंजिनाला हे सहसा साधत नाही.

मुंबईतील संशोधन : कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने प्रकाशचिमट्याने, म्हणजे लेसरच्या झोतात कण पकडून, या मोटरांचे बल मोजले. २००९ मध्ये त्यांनी दाखवले, की डिक्टिओस्टेलियम या सूक्ष्मजीवाच्या पेशीत एका दणकट कायनेसिनविरुद्ध चार ते आठ दुबळी डायनीने रस्सीखेच करतात. मालाची पिशवी मध्येच उलटी फिरते ती यामुळेच. एकेकटे डायनीन लवकर सुटते. पण ओझे वाढले की ते आखूड पावले टाकते, मागची डायनीने त्याला गाठतात आणि ओझे सगळ्यांत वाटले जाते. २०१३ मध्ये मांडलेला हा निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण पेशीत मोटर क्वचितच एकटी असते.

मल्लिक यांना २०१४ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पुढे याच गटाने यकृताकडे मोर्चा वळवला : जेवणानंतर इन्शुलिनच्या प्रभावाने कायनेसिन मेदाच्या थेंबांवर चढते आणि उपाशीपोटी उतरते, त्यामुळे यकृतातून रक्तात जाणाऱ्या मेदाचे प्रमाण बदलते.