सत्तरीपुढच्या बैठका

१६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत गेलेल्या बंगळूरच्या जुन्या पेठेत, कन्नड लोक ज्यांना ‘गरडी मने’ म्हणतात आणि आपण तालीम म्हणतो, अशा तांबड्या मातीच्या वास्तू अजून आढळतात; तेथे बळ जोखले जाई ते मुद्गराच्या वजनाने आणि जोडीदाराच्या पकडीने, आणि वय उतरलेल्या मल्लाने मातीबाहेर बसून वस्तादगिरी करावी, हा जणू अलिखित दस्तूर. सुश्रुताने सत्तरीपुढे धातू, इंद्रिये व बल प्रतिदिन क्षीण होतात असे नोंदवून जरेला स्वाभाविक व्याधींत दाखल केले होते. मात्र स्वाभाविक म्हटले की उपचाराची जबाबदारी आपोआप टळते, ही सोय पुढच्यांनी फार मनापासून वापरली.

याच शहरात के. व्ही. अय्यर यांनी हर्क्युलस जिम्नॅशियम चालविले, टपालाने व्यायामाचे धडे दिले, म्हैसूरच्या महाराजांचा आश्रय मिळविला आणि १९३७ साली सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले. त्या नमस्कारांचे थोर प्रचारक औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांनी प्रथम सँडो या पाश्चात्य बलोपासकाच्या पद्धतीची उपासना केली, मग नमस्कार पत्करले आणि सत्तरीतही ते सोडले नाहीत. परंतु राजाचे हे उदाहरण कौतुकाचा विषय ठरले, चिकित्सेचा नव्हे. छायाचित्रात शोभणारे स्नायू तरुणांचेच होते.

वैद्यकाने उतारवयातील स्नायूंच्या या झिजेला स्वतंत्र नाव दिले ते थेट १९८९ मध्ये: अमेरिकेतील रोझेनबर्ग यांनी मांस व ऱ्हास या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून ‘सार्कोपेनिया’ म्हटले. पुढच्याच वर्षी बोस्टनमधील प्रयोगात नव्वदीच्या वृद्धांच्या मांड्यांना आठ आठवडे वजनाचा व्यायाम दिला, तेव्हा पायांचे बळ सरासरी पावणेतीन पटींवर गेले.

आशियाई तज्ज्ञांनी २०१९ साली ठरविलेल्या निकषांप्रमाणे पुरुषाची पकड २८ किलोंखाली, स्त्रीची १८ किलोंखाली असली, किंवा खुर्चीवरून पाच वेळा उठण्यास १२ सेकंद वा अधिक लागले, तर संशय घ्यावा, आणि मग क्ष-किरणांच्या यंत्राने स्नायूंचे वस्तुमान मोजून निदान पक्के करावे. खात्रीचे औषध अद्याप नाही. क्रमाक्रमाने वाढविलेला भार आणि पुरेशी प्रथिने हाच इलाज. बंगळूरच्याच सेंट जॉन्स संस्थेत अनुरा कुरपाड प्रभृतींनी भारतीयांची अमिनो आम्लांची गरज मोजली. केवळ धान्यावर भागविणाऱ्या ताटात त्यांपैकी लायसीन तोकडे पडते, म्हणून नाचणीच्या गोळ्याबरोबरची डाळ पातळ असून चालत नाही.

आता रुग्णालयात पंचाहत्तरीची आजी हात छातीशी दुमडून खुर्चीवरून उठते, बसते, पुन्हा उठते. परीक्षक सेकंद मोजतो. गरडी मनेतल्या वस्तादाने मोजल्या असत्या त्या पाच बैठका.