आठवड्याचा पहिला दिवस : वारांच्या नावांची साक्ष

आठवड्याचा पहिला दिवस कोणता, असे वर्गात विचारले की सहसा तीन उत्तरे येतात. काही विद्यार्थी सोमवार म्हणतात, काही रविवार, आणि मुस्लिम घरातील एखादा विद्यार्थी ठामपणे ‘जुमा’ असे सांगतो. प्रत्येकाला आपले उत्तर हेच आपल्या परंपरेचे उत्तर वाटते. वस्तुतः येथे तीन निरनिराळे प्रश्न एकत्र झालेले असतात. वारांची मोजणी कोठून होते? पवित्र दिवस कोणता? आणि सुट्टी कोणत्या दिवशी? हे प्रश्न वेगळे केले, तर परस्परांपासून दूर समजल्या जाणाऱ्या परंपरा किती जवळच्या आहेत, हे ध्यानात येते.

प्रथम मोजणी पाहू. अरबीत रविवार म्हणजे ‘यौमुल अहद’, अर्थात पहिला दिवस. पुढे इस्नैन (दोन), सुलासा (तीन), अर्बिआ (चार) आणि खमीस (पाच). तेथे अंक थांबतात. शुक्रवार हा ‘जुमा’, म्हणजे एकत्र जमण्याचा दिवस, आणि शनिवार हा ‘सब्त’, म्हणजेच ज्यूंचा शब्बाथ. जुम्याचे महत्त्व निर्विवाद आहे. पण मोजणीत तो सहावा येतो.

आता आपल्या सिल्वासाकडे वळू. नगर हवेली १७८३ मध्ये आणि दादरा १७८५ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले. १९५४ पर्यंत येथील राज्यकर्त्यांची भाषा पोर्तुगीज होती. त्या भाषेत सोमवार म्हणजे ‘सेगुंदा-फैरा’, दुसरा वार. शुक्रवार म्हणजे ‘सेश्ता-फैरा’, सहावा वार. रविवार हा ‘दोमिंगु’, प्रभूचा दिवस. सहाव्या शतकात ब्रागाचे बिशप मार्टिन यांनी वारांना ग्रहदेवतांची नावे देण्याच्या प्रथेवर टीका केली होती. पोर्तुगीज भाषेत ती नावे खरोखरच नाहीशी झाली. अरबीतील इस्नैन आणि पोर्तुगिजांचा सेगुंदा हा एकच वार, आणि दोघांचा अंकही एकच. कारण दोन्ही गणना ज्यूंच्या जुन्या गणनेतून आल्या आहेत. गंमत अशी की गोव्यातील कोंकणी ख्रिस्ती माणूस आजही सोमार, मंगळार, ब्रेस्तार असेच म्हणतो. म्हणजे धर्म बदलला, राज्य बदलले, तरी बोलीतील ग्रह गेले नाहीत.

फारसीत मात्र गणना थोडी सरकते. तेथे शनिवार हा ‘शंबा’, रविवार ‘यकशंबा’, सोमवार ‘दुशंबा’. त्यामुळे इराणी आठवडा शनिवारी सुरू होतो. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत शनिवार हा जुम्यानंतरचा पहिला दिवस ठरला आणि बुधवार पाचवा झाला. पण गुरुवारचे नाव अरबी ‘खमीस’वरूनच राहिले. परिणामी त्या आठवड्यात ‘पाचवे’ दिवस दोन आहेत.

आपल्या वारांच्या नावांत अंक नाहीत, ग्रह आहेत. त्यांचा क्रम होरांवरून लागतो. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने एकेक होरा मोजली, तर रविवारच्या चोवीस होरा संपल्यावर पंचविसावी चंद्राची येते, म्हणून दुसरा दिवस सोमवार. या चक्रातून क्रम कळतो, आरंभ कळत नाही. तो परंपरेने ठरवावा लागतो. एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखात (इ. स. ४८४) गुरुवारचा उल्लेख आहे. अकराव्या शतकात अल्-बिरूनीने भारतीयांचे वार रविवारपासूनच नोंदवले, आणि ग्रहाच्या नावापुढे ‘वार’ लावण्याची पद्धत फारसीत अंकापुढे ‘शंबा’ लावण्यासारखीच आहे, हेही टिपले.

याहून महत्त्वाचा प्रश्न दिवस केव्हा सुरू होतो हा आहे. उर्दूत गुरुवारला ‘जुमेरात’ म्हणतात, म्हणजे जुम्याची रात्र. इस्लामी गणनेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, पंचांगात सूर्योदयाला आणि इंग्रजी पद्धतीत मध्यरात्री. शिवाजी महाराज सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटिका रात्र उरली होती आणि वार शुक्रवार होता, असे जेधे शकावली सांगते. इंग्रजी इतिहासग्रंथांत, जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे, ६ जून १६७४ शनिवार अशी नोंद आढळते. दोन्ही बरोबर आहेत. सूर्य उगवला नव्हता म्हणून शुक्रवार, मध्यरात्र उलटली होती म्हणून शनिवार. त्याच घटकेला फारसी अखबारनवीसाने ‘शब-ए-शंबा’, शनिवारची रात्र, असे लिहिले असते. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी दोनपैकी एक साधन खोटे ठरवतो, आणि पुष्कळदा ते खोटेपण लिहिणाऱ्याच्या धर्माला चिकटवतो.

राहिली सुट्टी. कुरआनच्या सूरह जुमामध्ये नमाजची हाक आल्यावर व्यापार सोडण्याची आज्ञा आहे आणि नमाज संपल्यावर पुन्हा आपापल्या उद्योगाला लागण्याची मुभा आहे. म्हणजे संपूर्ण दिवसाची सुट्टी हा वेगळा विषय होय. पाकिस्तानने १९७७ मध्ये शुक्रवारची साप्ताहिक सुट्टी सुरू केली आणि १९९७ मध्ये पुन्हा रविवार स्वीकारला. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. रविवार विश्रांतीचा ठरला की सोमवार कामाचा पहिला दिवस होतो. १९८८ च्या आंतरराष्ट्रीय मानकानेही सोमवारलाच पहिला क्रमांक दिला. विद्यार्थ्यांचा ‘सोमवार’ येतो तो येथून.

तेव्हा वर्गातील तिन्ही उत्तरांना चूक म्हणण्याचे कारण नाही. सोमवार हे कामाचे उत्तर आहे, जुमा श्रद्धेचे आणि रविवार मोजणीचे. कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाचे, एवढे आपण शिक्षकांनी दाखवून दिले, तर जुना कागद हाती आल्यावर विद्यार्थी प्रथम विचारेल, ‘हा लिहिणारा दिवस केव्हापासून मोजत होता?’ इतिहासाचा अभ्यास अशाच प्रश्नांनी सुरू होतो.