देवीची लस आणि पिसाळलेलीं खोकडें

आपल्यापैकीं ज्यांनीं पन्नाशी ओलांडली आहे त्यांच्या हातावर देवी काढल्याची वाटोळी खूण बहुधा असेलच. ती खूण उमटविणाऱ्या विषाणूचें नांव व्हॅक्सिनिया. १७९६ सालीं एडवर्ड जेन्नरनें इंग्लंडांत ही टोंचणी सुरू केली. १८०२ च्या जूनमध्यें ती मुंबईंत तीन वर्षांच्या एका मुलीस मिळाली. आणि १९८० सालीं देवीचा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें. एवढी कामगिरी बजावल्यावर त्या विषाणूस खुशाल निवृत्त करावयाचें! परंतु दोनच वर्षांत त्याला नवी चाकरी लागली.

१९८२ सालीं अमेरिकेंत बेथेस्डा येथें बर्नार्ड मॉस आणि ऑल्बनी येथें एन्झो पाओलेट्टी यांच्या सहकाऱ्यांनीं स्वतंत्रपणें व्हॅक्सिनियांत परकें जनुक बसवून दाखविलें. त्याची युक्ति अशी. ज्या पेशींत हा विषाणू वाढत असतो तिच्यांतच इष्ट जनुकाचा तुकडा सोडावयाचा. त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांस व्हॅक्सिनियाच्याच एका जनुकाचे अंश जोडलेले असतात. विषाणू स्वतःच्या प्रती काढूं लागला म्हणजे हे ओळखीचे अंश परस्परांशीं जुळतात आणि मधला परका मजकूर आंत शिरतो. पोथीची नक्कल करतांना ओळखीच्या दोन ओळींमध्यें भलतीच ओवी उतरावी, तसाच हा प्रकार. शिवाय या खटपटींत विषाणूचें स्वतःचें एक जनुक मोडतें, व त्याचा जहालपणा उणावतो.

१९८४ सालीं स्ट्रासबूर्गची ट्रान्सजीन कंपनी आणि फिलाडेल्फियाची विस्टार संस्था यांनीं याच रीतीनें रेबीजच्या, म्हणजे पिसाळरोगाच्या, विषाणूचें आवरणावरील प्रथिन बनविणारें जनुक व्हॅक्सिनियांत घातलें. शरीरास शत्रूचें केवळ अंगरख्यावरून दर्शन घडावें, शत्रु मात्र आंत येऊं नये, असा हा बेत होता.

त्याची निकड युरोपांतील खोकडांमुळें भासली. (खोकड म्हणजे आपला कोल्हा नव्हे, हा प्राणी त्याहून लहान.) दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पूर्वेकडून निघालेली ही सांथ वर्षाला वीस ते साठ किलोमीटर सरकत १९६६ सालीं बेल्जियमांत व १९६८ सालीं फ्रान्सांत पोंचली. खोकडें मारलीं, त्यांच्या बिळांत विषारी वायू सोडला, सांथ हटेना. १९७८ सालीं स्वित्झर्लंडांत कोंबड्यांच्या मुंडक्यांतून दुबळ्या केलेल्या रेबीज-विषाणूची लस रानांत पेरली गेली. गुण आला, परंतु तो विषाणू अखेर रेबीजचाच, आणि उंदरांसारख्या प्राण्यांस त्यापासून रोग होऊं शके. नव्या लशींत ही भीति नव्हती.

तथापि भीति दुसरीच होती. व्हॅक्सिनिया नाना जातींच्या प्राण्यांत वाढतो व धारेच्या वेळीं जनावरापासून माणसास जडूं शकतो. हें दूरचें वाटूं नये: व्हॅक्सिनियाच्या भाऊबंदापासून होणारी म्हशींची देवी पश्चिम महाराष्ट्रांत गुरांबरोबर माणसांसहि झाल्याची नोंद आहे. म्हणूनच १९८६ च्या जुलैमधील प्रकरण गाजलें. विस्टार संस्था आणि पॅन अमेरिकन आरोग्य संघटना यांनीं अर्जेंटिनांतील अझूल येथें गाईंना ही लस टोंचली, आणि अर्जेंटिनाच्या सरकारास त्याची वार्ताहि नव्हती. धारा काढणाऱ्या गड्यांस कांहींएक सांगितलें नव्हतें, असा आरोप झाला. बातमी फुटतांच सरकारनें प्रयोग बंद पाडला. गड्यांस लागण झाली कीं नाहीं यावर पुढें बराच वाद माजला. लस चांगली होती, हें मागाहून ठरलें. पण परक्याच्या गोठ्यांत ती न विचारतां नेण्यास त्यामुळें क्षमा मिळत नाहीं, असें माझें मत आहे.

बेल्जियममध्यें लिएज विद्यापीठाचे पास्तोरे आणि त्यांचे सहकारी यांनीं निराळी वाट धरली. रानडुकरें, बिज्जू यांसारख्या जनावरांवर आधीं पारख केली, सरकारची परवानगी घेतली, आणि ऑक्टोबर १९८७ मध्यें मार्श-आं-फामेनच्या लष्करी रानांत, सहाएक चौरस किलोमीटरांत, लस घातलेलीं मुंडकीं ठेविलीं. पुढें मासळीच्या भुकटीचीं आमिषें हेलिकॉप्टरमधून टाकण्यांत आलीं. खोकडानें आमिष खाल्लें किंवा नाहीं हें कळावें कसें? आमिषांत टेट्रासायक्लीन मिसळलेलें असे. तें हाडांत जमतें, व मेलेल्या खोकडाचें हाड तपासतां सांपडतें. २२०० चौरस किलोमीटरांच्या प्रदेशांत तीन फेऱ्यांनंतर तपासलेल्या खोकडांपैकीं शेंकडा ८१ मध्यें तें सांपडलें. २००१ सालीं बेल्जियम रेबीजमुक्त जाहीर झाला.

आपल्याकडे मात्र हा रोग माणसास बहुतेक कुत्र्यांपासून होतो, आणि तोंडावाटे दिलेली ही लस कुत्र्यांत खोकडांइतकी भरंवशाची ठरली नाहीं. त्यांना अजूनहि एकेक धरून सुईच टोंचावी लागते.