दिवेलागणीचा वारसा

देवळाच्या जुबिलीचा प्रसंग आला म्हणजे पायाचा दगड कोणी बसविला, घंटा कोठून आणविली, वेदी कोणाच्या दानातून उभी राहिली, ह्या गोष्टींची आठवण अगत्याने केली जाते. आणि ती करणे उचितच होय. परंतु ज्या श्रद्धेसाठी देऊळ बांधावयाचे, ती देवळाच्या उंबरठ्यावर येण्यापूर्वीच कोठेतरी रुजलेली असते. स्नानसंस्काराची तारीख धर्मग्रामाच्या वहीत सापडते. आजीच्या मांडीवर बसून बालकाने प्रथम क्रूसाची खूण केव्हा केली, हे कोणत्याही वहीत सापडत नाही. प्रस्तुत लेखात ह्या न लिहिलेल्या इतिहासाचा थोडासा मागोवा घेण्याचा विचार आहे.

बदलापुरावरून वाहणारी आमची उल्हास नदी कल्याणाकडे जाते आणि पुढे खाडीरूपाने वसईजवळ समुद्रास मिळते. उत्तर कोकणातील कॅथलिक श्रद्धेचे जुने घर ह्याच पाण्याच्या मुखाशी आहे. इ. स. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली आणि त्यानंतर फ्रान्सिस्कन व येशूसंघीय धर्मगुरूंनी वसईत व साष्टीत देवळे उभारिली. हा भाग सर्वश्रुत आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. मात्र धर्मगुरू थोडे आणि गावे फार, ही अडचण प्रथमपासूनच होती. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ त गोव्यास आला, तेव्हा हाती घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून मुलांस गोळा करी आणि त्यांच्याकडून प्रार्थना तालासुरात म्हणवून घेई. पुढे दक्षिणेच्या किनाऱ्यावर त्याने मुलांस आज्ञा केली की, जे शिकलात ते घरी जाऊन आईबापांस व शेजाऱ्यांस शिकवा. म्हणजे आरंभीच्या त्या काळी धर्मशिक्षणाचा ओघ पुष्कळ घरांत लेकरांकडून वडिलांकडे गेला. तो उलट फिरून वडिलांकडून लेकरांकडे वाहू लागावयास एक पिढी जावी लागली.

घरात श्रद्धा टिकावयाची तर ती घरच्या भाषेत असली पाहिजे. ही गोष्ट फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी जितकी ओळखिली, तितकी त्या काळी फार थोड्यांनी ओळखिली असेल. हा इंग्रज येशूसंघीय १५७९ त गोव्यास उतरला आणि तेथेच त्याने देह ठेविला. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांच्या जागी ऐकावयास, गावयास काही नव्हते. ती उणीव भरून काढण्यासाठी त्याने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचिले व ते १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. आपल्या उत्तर कोकणाच्या वाट्यासही असाच एक ग्रंथ आला. फ्रान्सिस्को वाझ द गिमाराँइश ह्या धर्मगुरूने प्रभूच्या दुःखसहनावर इकडच्या मराठीत पुराण लिहिले. ते १६५९ त लिस्बन येथे छापले. प्रायश्चित्तकाळी अशी पुराणे गावोगाव मोठ्याने वाचीत, आणि अक्षर न ओळखणारी बाई व पाळण्याशी खेळणारे मूल, दोघेही ती ऐकत. कानाने शिकलेले कोणी काढून घेऊ शकत नाही. १६८४ त गोव्याच्या विजरईने लोकांनी तीन वर्षांत देशभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढिला. तो हुकूम कागदावर राहिला आणि चुलीपाशी बोलली जाणारी भाषा बोलली जातच राहिली.

ह्या घरच्या शिदोरीची खरी परीक्षा १७३९ त झाली. मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसईचा कोट पडला. साष्टी त्यापूर्वीच, १७३७ त, मराठ्यांकडे गेली होती. युरोपी संन्यासी धर्मगुरू निघून गेले. तहाच्या अटींनी पाच देवळे काय ती ख्रिस्ती लोकांकडे राहिली. एवढ्या विस्तीर्ण मुलुखात पाच! बाकीच्यांपैकी कित्येक ओस पडली, त्यांच्या भिंतींतून पिंपळ उगवले. पुढे गोव्याकडील देशी धर्मगुरूंनी हा भार उचलला. त्यांचे ऋण आपल्या लोकांनी पुरेसे मानिले असे मला वाटत नाही. मराठी अंमलाविषयीही न्यायाने बोलावयास हवे. १७६० च्या अखेरीस आंक्तील द्युपेराँ नामक फ्रेंच प्रवासी साष्टीतून गेला, तेव्हा ठाण्याच्या देवळात हजारो देशी ख्रिस्ती उघडपणे सण साजरा करताना त्याने पाहिले. छळाची कथा सांगण्याचा मोह अशा लेखांत होतो. परंतु येथे संकट होते ते छळापेक्षा विस्मृतीचे. ज्या गावी धर्मगुरू वर्षाकाठी एकदोनदा येणार, तेथे उरलेल्या दिवसांत धर्म कोणी सांभाळावयाचा? तो दिवेलागणीला अंगणातील क्रूसापुढे जमणाऱ्या मंडळींनीच सांभाळावयाचा. जपमाळ म्हणणारी आजी, तिच्यामागून अर्धे शब्द चुकीचे उच्चारणारी नातवंडे, हीच त्या गावची धर्मशाळा.

ती सर्वत्र टिकली नाही, हेही लपवू नये. १८२० नंतर पटकीच्या साथींच्या दिवसांत ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील कित्येक कोळी व आगरी कुटुंबे ख्रिस्ती उपासना सोडून पूर्वजांच्या धर्मात परत गेली. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही. ज्या घरी प्रार्थनेचे शब्द तेवढे उरले आणि त्यांचा अर्थ मुलांस कोणी सांगितला नाही, त्या घरावर महामारी आली असता त्याने कशाच्या आधारावर उभे राहावे? मला तर वाटते की, वसईच्या टिकलेल्या गावांइतकाच ह्या गेलेल्या घरांचा इतिहास आपल्या आईबापांनी अभ्यासण्यासारखा आहे.

ह्याच वसईचा एक पुत्र दूरदेशी कीर्तीस चढला. संत गोन्सालो गार्सिया वसईस जन्मला. त्याची आई इकडचीच होती. १५९७ च्या फेब्रुवारीत जपानात नागासाकी येथे तो इतर पंचवीस जणांसह क्रूसावर हुतात्मा झाला आणि १८६२ त ते सव्वीस जण संत म्हणून घोषित झाले. नागासाकीची पुढील हकीकत आमच्या विषयास इतकी जुळते की ती सांगितल्यावाचून राहवत नाही. १६१४ त जपानात ख्रिस्ती धर्मास बंदी झाली; १६४४ च्या सुमारास शेवटचा धर्मगुरू मारला गेला. त्यानंतर सव्वादोनशे वर्षे तेथे ना मिस्सा, ना ख्रिस्तप्रसाद. १८६५ त नागासाकीच्या ओउरा भागात परदेशी लोकांकरिता एक देऊळ उघडले. ते ह्या सव्वीस हुतात्म्यांच्याच नावाने अर्पिलेले होते. मार्च महिन्यात एके दिवशी जवळच्या उराकामी खेड्यातील काही स्त्रीपुरुष फादर पेतिजाँ ह्यांच्यापाशी आले आणि आपली श्रद्धाही तुमच्यासारखीच आहे असे हळूच सांगून पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, हे विचारू लागले. सात पिढ्यांनी हे घरातल्या घरात जपिले होते. गावातील एक प्रापंचिक मनुष्य बालकांस स्नानसंस्कार देई. प्रार्थना तोंडपाठ उतरत गेल्या, इतक्या की लॅटिन व पोर्तुगीज शब्द झिजून त्यांस ओळखू येईनासे झाले, तरी त्यांनी ते टाकिले नाहीत.

ग्रंथांचेही असेच झाले. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन छापील आवृत्त्या निघाल्या. त्यांतील एकही प्रत आज उपलब्ध नाही. मग पुराण वाचले कसे? मंगळूरकडील कॅथलिक कुटुंबांनी ते हाताने उतरून घेतले होते. १७८४ त टिपू सुलतानाने त्या लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेले आणि १७९९ पर्यंत ते बंदीत राहिले. तेथे ह्या ओव्यांनीच त्यांस धीर दिला, अशी परंपरा सांगतात. अशाच घरगुती हस्तलिखितांवरून जे. एल. सालढाणा ह्यांनी १९०७ त मंगळूर येथे ते पुनः छापिले, आणि देवनागरीत ते महाराष्ट्राच्या हाती यावयास १९५६ साल उजाडले. ती आवृत्ती शांताराम बंडेलू ह्यांची. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६४ त कुटुंबास घरगुती ख्रिस्तसभा म्हटले, तेव्हा कित्येकांस ती नवी कल्पना वाटली. आमच्या पणज्यांस ती वाटली नसती.

आता आपल्या सोनिवलीकडे वळू. १८५६ त कल्याणाहून खोपोलीकडे लोहमार्ग झाला आणि पुढे मुंबईत घर परवडेनासे झालेली कुटुंबे ह्या बाजूस येत राहिली. कोणी वसईकडील, कोणी गोव्याचे, कोणी मंगळूर, केरळ वा तामिळ देशीचे. प्रत्येकाने आपली प्रार्थना बरोबर आणिली आहे, पण आपल्या घरापुरती. आजी मराठीत वा कोकणीत जपमाळ म्हणते. नातू शाळेत इंग्रजी प्रार्थना शिकतो. दोघांची श्रद्धा एकच, परंतु एकत्र बसले असता दोघांच्या मुखी एक शब्द येत नाही. बाप रात्रीच्या गाडीने घरी पोचतो तो मूल झोपलेले असते. ही अडचण १७३९ सारखी गाजत नाही. म्हणूनच तिची मला अधिक धास्ती वाटते.

म्हणून वाचकांस एक विनंती आहे. ही स्मरणिका घरी नेल्यावर तिच्या अखेरीस कोरे पान असेल. घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ मुलास बसवावे, त्यांच्या तोंडची एक प्रार्थना ज्या भाषेत असेल त्या भाषेत त्या पानावर मुलाच्या हाताने उतरवून घ्यावी, आणि कोणत्या शब्दाचा काय अर्थ, हेही त्यांनाच विचारावे. अक्षर वाकडे आले तरी चालेल. मंगळूरच्या त्या वह्यांतील अक्षरही सारखे नव्हते.