कागद आढळून येत नाही

आमच्या घरचा दप्तरखाना स्वयंपाकघराच्या दारामागे आहे. एक जाड तार, खाली लाकडी चकती, वर खिळ्याला अडकवायचा आकडा. विजेची बिलं, घरपट्टीच्या पावत्या, दुधाचे हिशेब, १९८३ साली घेतलेल्या मिक्सरची गॅरंटी, सगळे कागद या तारेत आरपार टोचून बसलेले आहेत. मिक्सर केव्हाच भंगारात गेला. गॅरंटी शाबूत आहे. या दप्तराच्या प्रमुख आमच्या सौभाग्यवती. मध्यंतरी मी एका मित्राला पाच हजार रुपये उसने दिले आणि बँकेचा मेसेज मोबाईलवरून पुसून टाकला. वाटलं, प्रकरण मिटलं. महिनाअखेरीला सौ.नी पासबुक भरून आणलं. "मेसेज का पुसलात?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पैसे कुठे गेले, हा दुसरा. हा क्रम मला तेव्हा चमत्कारिक वाटला होता. आता वाटत नाही.

कारण त्याच सुमारास मला एक सरकारी कागद हवा होता. पारनेर तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. जमीन म्हणजे दोन एकर मुरूम आणि त्यावर हक्क सांगणारे अकरा वारस. आजोबा वारले १९६२ साली. त्यांच्या वारसांचा फेरफार झाला, त्यात आमच्या आत्याचंही नाव लागलं होतं, असं वडील सांगत. पुढे सातबारा नव्यानं लिहिताना कुठेतरी ते नाव गळलं. लिहिणाऱ्याचा हात दुखला असेल, किंवा कुणीतरी दुखवला असेल. आत्या त्या जमिनीच्या कडेला दोन खोल्यांत एकटीच राहते. ऐंशी ओलांडली आहे. "माझं नाव होतं रे," एवढंच तिचं म्हणणं. होतं तर दाखवा, असं चुलतभावांचं म्हणणं. तेव्हा मी नक्कल मागायला कचेरीत गेलो. सहा चकरांनंतर उत्तर मिळालं: "सदर अभिलेख शोध घेऊनही आढळून येत नाही."

काय सुरेख वाक्य आहे पाहा! यात कुणी कागद हरवला नाही, कुणी फाडला नाही. शोध झाला, पण शोधणारा दिसत नाही. कागदानं आपण होऊन आढळून येण्याचं नाकारलं. वास्तविक आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला. इथे पाऊस पडत नाही म्हणून माणसं रडतात. पण निदान कागद तरी कोरडे राहायला हरकत नव्हती.

आता गंमत अशी, की ज्या पारनेर तालुक्यात मी कागद शोधत होतो, त्याच तालुक्यात आमचे पूर्वज कागद जाळत होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला, ऐन बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांना घेरलं आणि त्यांचे खतपत्र, चोपड्या ओढून काढून होळी केली. ते लोण नगर जिल्ह्यात आलं. पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या भागांत तेच. तीसहून अधिक गावं पेटली असं म्हणायची पद्धत आहे, पण खरं तर गावं पेटली नाहीत, बहुतेक ठिकाणी कागदच पेटले. सावकारानं मुकाट्यानं खतं काढून दिली, तर त्याला सहसा कुणी हात लावला नाही. इंग्रज साहेबाला याचंच नवल वाटलं. दंगा म्हटला की लूट हवी, मारामारी हवी. आणि हे लोक तर निव्वळ कागद मागत होते!

पण शेतकऱ्याला नेमकं कळलं होतं. जमीन त्याची, घाम त्याचा, पण खरं काय ते सावकाराच्या पेटीत. मुद्दल किती, व्याज किती, फेडलं किती, हे सगळं एकाच माणसानं लिहायचं आणि दुसऱ्यानं वाचता येत नसताना खाली अंगठा उठवायचा. १८५९च्या कायद्यानं कर्जाच्या दाव्याला मुदत घातली, ती ऋणकोच्या भल्यासाठी. सावकारानं दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवं खत लिहून घ्यायची सोय त्यातून काढली. आमच्या पणजोबांच्या वडिलांबद्दल घरात अशी कथा आहे, की त्या दिवशी ते ताप आल्यामुळे घरीच होते. त्या साली तालुक्यात तापाची साथ बरीच असावी; ज्याला विचारावं त्याचे पूर्वज अंथरुणात.

सरकारनं चौकशी आयोग नेमला, १८७८ साली त्याचा अहवाल आला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात काय ठरलं? तर खत गावच्या निबंधकापुढे लिहायचं, पैसे फेडले की लेखी पावती द्यायची, मागितला तर हिशेब द्यायचा. म्हणजे शेतकऱ्यानं कागद जाळले आणि त्याच्या पदरात पडले आणखी कागद. हसू नका. या वेळी निदान एक प्रत त्याच्या हातात येणार होती. पेटीतला कागद आणि हातातला कागद यांत जो फरक आहे, तो आत्याला न शिकता कळतो.

स्वातंत्र्यानंतर सावकाराची पेटी गेली आणि तिच्या जागी कचेरीतलं कपाट आलं. या कपाटाला वठणीवर आणण्याचा मान मात्र आमच्याच जिल्ह्याचा, हे नगरकरानं छाती फुगवून सांगावं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना इथे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीची सगळी मांडणी पालटली. कोणी कुठे बसावं इथपासून कोणता कागद कुठे बसावा इथपर्यंत. पुढे राज्यभर 'लखिना पॅटर्न' म्हणून त्याचं नाव झालं. आमच्याकडे पॅटर्न म्हणजे एक तर लुगड्याचा, नाही तर लखिनांचा.

सरकारी कागदाची जातवार विभागणीही ऐकण्यासारखी आहे. 'अ' वर्गाचा कागद अमर, कायम जपायचा. 'ब' तीस वर्षांचा. 'क' दहा वर्षांचा आणि त्याचा धाकटा भाऊ 'क-१' पाच वर्षांचा. 'ड' बिचारा वर्षभराचा सोबती. टेबलावरचे कागदही सहा गठ्ठ्यांत लावायचे: काम बाकी असलेले, उत्तराची वाट पाहणारे, ठरावीक मुदतीचे, स्थायी आदेशांचे, अभिलेख कक्षात धाडायचे आणि नष्ट करायचे. इतकी सुंदर पद्धत आहे, की ती पाळली तर आढळून न येण्याचा प्रश्नच उरत नाही. पण लग्नाच्या मांडवात पंगत कितीही नीट मांडा, एखादा पाहुणा भलत्याच पानावर बसतोच.

आणि काही पाहुण्यांना मुद्दामच भलत्या पानावर बसवतात. मुंबईत आदर्श सोसायटीचं प्रकरण गाजलं, तेव्हा नगरविकास खात्याच्या फाइलमधली पानंच गायब झाल्याचं निघालं. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, पाच माणसं गेली, ढिगानं फाइली जळल्या. आग ती आगच. पण त्या संध्याकाळी महाराष्ट्रात ज्याच्या-त्याच्या तोंडी पहिला प्रश्न होता, "कोणत्या फाइली?" लोकांचं मन असं का झालं, याचाही एक आयोग नेमायला हवा होता.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं मानून उगाच वाईट वाटून घेऊ नये. अमेरिकेच्या निक्सनसाहेबांच्या ध्वनिफितीत साडेअठरा मिनिटांची नुसती घरघर निघाली. त्यांच्या सेक्रेटरीबाईंनी सांगितलं, टेलिफोन घ्यायला वळले तेव्हा पाय पेडलवर राहिला असेल, पण त्यात गेली असतील ती पाचेक मिनिटं. उरलेल्या मिनिटांचा पाय कुणाचा, ते अजून आढळून येत नाही. हिलरीबाई परराष्ट्रमंत्री असताना सरकारी पत्रव्यवहार घरच्या सर्व्हरवरून करत. त्यांतले तीस हजारांवर ई-मेल 'खासगी' म्हणून पुसले गेले. त्यात खरोखरच मुलीच्या लग्नाची बोलणी असतील. पण काय खासगी आणि काय सरकारी, हे ज्याचे कागद त्यानंच ठरवायचं, ही तर १८७५च्या सावकाराची पद्धत. आपल्या १९९३च्या सार्वजनिक अभिलेखांच्या कायद्यानं संगणकातून निघालेलं सगळंच अभिलेखात धरलं आहे, आणि नियमाबाहेर तो नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. असं असून साहेब लोक हुकूम व्हॉट्सअ‍ॅपवर सोडतात. तिथे संदेश पुसला तर निदान 'पुसला' अशी खूण तरी राहते. फाइलीत तेवढीही शरम नाही.

मी शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. हा अधिकार आपल्या राज्याला मिळाला त्यातही पारनेर तालुक्याचा मोठा हात. राळेगण सिद्धीच्या अण्णा हजाऱ्यांनी त्यासाठी २००३च्या ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर उपोषण केलं. देशाचा कायदा २००५ साली आला, आणि वर्षभरात फाइलीवरच्या टिपण्या लोकांपासून झाकायचा बेत शिजू लागला, तेव्हा अण्णा आळंदीला पुन्हा उपाशी बसले. अण्णांच्या पुढच्या राजकारणाबद्दल आमच्या कट्ट्यावर दोन तट आहेत आणि मी दोन्हीकडे चहा पितो. पण टिपणीचं त्यांना बरोबर कळलं होतं. हुकूम कुणाच्याही सहीनं निघतो. नको म्हणणारा कोण होता आणि त्याला गप्प कुणी केलं, ते टिपणीतच सापडतं.

दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवून मी अर्ज दिला. तिसाव्या दिवशी तेच सुरेख वाक्य पुन्हा आलं. मग अपील. सुनावणीत मला समजावण्यात आलं, की माहिती नाकारलेली नाही, माहितीच नाही. मी म्हटलं, "साहेब, कायद्यात माहिती न देण्याची कारणं लिहिली आहेत. त्यांत 'सापडत नाही' हे कारण मला आढळून येत नाही." साहेब तरुण होते. हसले आणि पुन्हा शोधण्याचा आदेश दिला.

शोधला एका म्हाताऱ्या शिपायानं. त्यानं आमच्या गावचा रुमाल सोडलाच नाही. शेजारच्या गावचा सोडला. "त्या काळी दोन्ही गावांना एकच तलाठी होता, काका," तो म्हणाला. धुळीनं तो शिंकला, मी शिंकलो आणि फेरफार निघाला. तिसऱ्या ओळीत आत्याचं नाव, वडिलांच्या नावाच्या लगेच खाली. तेवढ्यावर वाळवीनं दया केली होती.

नक्कल घेऊन मी गावी गेलो. आत्यानं मला ती ओळ तीनदा वाचायला लावली, मग शिक्क्यावरून बोट फिरवलं. सौ.च्या धाकानं मी दोन झेरॉक्स काढून ठेवल्याच होत्या, त्यांतली एक पुढे केली आणि म्हटलं, "ही तू ठेव, शिक्क्याची मला तहसिलात लागेल."

आत्यानं शिक्क्याची घडी घालून कमरेच्या पिशवीत खोचली.

"झेरॉक्स तुला," ती म्हणाली. "तहसिलात जायचं तर मला घेऊन चल."